मार्टिन ल्यूथर किंग यांचे वॉशिंग्टन येथील भाषण : वर्ध्याच्या संदर्भात एक पुनर्विचार

२८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टन येथे लिंकन-स्मारकाच्या पायऱ्यांवरून मार्टिन ल्यूथर किंग (धाकटे) यांनी केलेले भाषण विसाव्या शतकातील वक्तृत्वाचा एक श्रेष्ठ नमुना म्हणून सर्वमान्य झालेले आहे. आपल्याकडील विद्यार्थ्यांनाही ते अपरिचित नाही. तथापि हा परिचय बहुधा भाषणाच्या उत्तरार्धापुरता, म्हणजे ज्यात स्वप्नाचा उल्लेख पुनःपुन्हा येतो त्या भागापुरता असतो. संकलनांतून तोच भाग घेतला जातो व स्मृतिदिनी तोच म्हटला जातो. याचा परिणाम असा झाला आहे की, सर्व वर्णांच्या लोकांनी गुण्यागोविंदाने नांदावे अशी एक सात्त्विक सदिच्छा, एवढाच या भाषणाचा आशय समजण्यात येतो. हा अर्थ चुकीचा नसला तरी अपुरा आहे, आणि वर्धा जिल्ह्यात बसून हे भाषण वाचणाऱ्याला तो अपुरेपणा इतरांहून अधिक स्पष्ट दिसावयास हवा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

वर्ध्याचा या भाषणाशी असलेला संबंध केवळ भावनेचा नाही. त्याला इतिहासाचा आधार आहे. १९३६ च्या आरंभी हॉवर्ड थर्मन हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक व त्यांच्या पत्नी बारडोली येथे गांधीजींना भेटले होते. अहिंसेचा निर्भेळ संदेश जगाला कदाचित अमेरिकेतील निग्रो समाजाकडूनच मिळेल, अशा आशयाचे गांधीजींचे उद्गार त्या भेटीतले आहेत, व ते बरेच प्रसिद्ध आहेत. त्यानंतर काही महिन्यांत गांधीजी सेगावी, म्हणजे पुढच्या सेवाग्रामी, राहावयास आले. त्याच वर्षाच्या अखेरीस बेंजामिन मेज व चॅनिंग टोबायस हे दोन कृष्णवर्णीय विद्वान म्हैसूर येथील जागतिक परिषदेच्या निमित्ताने हिंदुस्थानात आले असता वर्ध्यास उतरले व त्यांनी गांधीजींशी संभाषण केले. अहिंसा ही निष्क्रिय असते काय, ती मोठ्या समुदायाला आचरता येईल काय, प्रचंड बहुसंख्येपुढे अल्पसंख्येने काय करावे, अशा प्रकारचे मेज यांचे प्रश्न होते. अहिंसेच्या मार्गाने बहुसंख्येपेक्षा अल्पसंख्याच अधिक करू शकते, असे गांधीजींनी त्यांस सांगितले. पुढे १९४० साली मेज अटलांटा येथील मोरहाउस महाविद्यालयाचे अध्यक्ष झाले आणि १९४४ साली त्याच महाविद्यालयात पंधरा वर्षांचे किंग विद्यार्थी म्हणून दाखल झाले. मेज यांना किंग आपले गुरू मानीत.

दुसरा धागा नागपूरमार्गे जातो. कोरियाच्या युद्धकाळी सैन्यभरतीस नकार दिल्याबद्दल कारावास भोगलेले जेम्स लॉसन हे तरुण धर्मोपदेशक १९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात काम करीत होते. मुलांना खेळ शिकवावेत, आणि उरलेल्या वेळी गांधीविचार समजून घ्यावा, असा त्यांचा क्रम असे. डिसेंबर १९५५ मध्ये माँटगोमेरी येथील बसबहिष्काराची वार्ता त्यांनी प्रथम ‘नागपूर टाइम्स’ या आपल्याच भागातील वृत्तपत्रात वाचली. १९५७ साली किंग व लॉसन यांची गाठ पडली आणि लॉसन यांनी विलंब न करता दक्षिणेत यावे असा किंग यांनी आग्रह धरला. १९६० सालच्या नॅशव्हिल येथील उपाहारगृह-सत्याग्रहामागे लॉसन यांनी घेतलेले शिक्षणवर्ग होते. २०२४ साली त्यांचे निधन झाले तेव्हा आपल्याकडे त्याची म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही, हे नागपूर-वर्ध्याच्या अभ्यासकांना शोभणारे नाही.

हा इतिहास सांगताना एक मोह टाळावयास हवा. वर्ध्याहून गेलेले बीज वॉशिंग्टनला फळास आले, असे म्हणून स्वस्थ बसणे फार सोपे आहे. भाषणात त्याला आधारही सापडतो. शारीरिक बळाला आत्मिक बळाने तोंड द्यावे असे किंग आपल्या अनुयायांस सांगतात तेव्हा त्यांनी योजलेला ‘सोल फोर्स’ हा शब्द गांधीजींनी ‘हिंद स्वराज्या’च्या इंग्रजी रूपात सत्याग्रहासाठी योजलेला आहे. परंतु शब्दाचे मूळ सापडले म्हणजे अर्थ सापडला असे होत नाही. शिवाय वर्ध्याच्या त्या भेटीत मेज यांनी आणखी एक प्रश्न विचारला होता, तो या परंपरेची गौरवगाथा गाणारे सहसा सांगत नाहीत. गांधीजी अस्पृश्यतेविरुद्ध लढतात, मग जातिव्यवस्थेविरुद्धच युद्ध का पुकारीत नाहीत, असा तो प्रश्न होता. मेज यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात याचा वृत्तान्त आहे. अस्पृश्यता अन्याय्य आहे, परंतु जातीला श्रमविभागाच्या दृष्टीने आर्थिक उपयोग आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांस मिळाले. हाच प्रश्न त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी ‘जातिनिर्मूलन’ या न झालेल्या भाषणात विचारला होता, आणि जुलै १९३६ मध्ये ‘हरिजन’ पत्रातून गांधीजींनी त्याला उत्तर दिले होते. म्हणजे वर्ध्यातून अमेरिकेत अहिंसेबरोबरच एक अनुत्तरित प्रश्नही गेला. किंग यांचे भाषण वाचताना या दोहोंचे भान ठेवले पाहिजे.

आता भाषणाकडे वळू. त्याची रचना बारकाईने पाहिल्यास निम्म्याहून अधिक भागात स्वप्नाचा उल्लेखही नाही असे आढळते. प्रारंभी लिंकनच्या भाषाशैलीची आठवण करून देणारा कालनिर्देश येतो: गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ रोजी अमलात आला, त्याला शंभर वर्षे होऊन गेली, तरी कृष्णवर्णीय मनुष्य मुक्त नाही. त्यानंतर जे रूपक येते ते सावकारी व्यवहारातील आहे. राष्ट्राच्या संस्थापकांनी प्रत्येक नागरिकाच्या नावे एक वचनपत्र लिहून दिले. कृष्णवर्णीयांनी ते सादर केले असता खात्यात पैसे नाहीत या शेऱ्यासह परत आले. परंतु न्यायाची पेढी बुडाली आहे हे मानावयास आम्ही तयार नाही, आणि आम्ही वसुलीसाठी आलो आहो, असे वक्ता म्हणतो. लक्षावधी माणसांपुढे मुख्य वक्ता म्हणून उभा राहिलेला मनुष्य आरंभी हिशेब मागतो, ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी. त्या मोर्चाचे नावही ‘रोजगार आणि स्वातंत्र्य’ यांसाठीचा मोर्चा असे होते. त्यात रोजगार हा शब्द आधी होता.

या रूपकाचे मराठीकरण हा स्वतंत्र चर्चेचा विषय होईल. कापसाच्या बाजाराची सवय असलेल्या आपल्या भागात ‘हुंडी’ हा शब्द प्रथम सुचतो, व ‘हुंडी वटली नाही’ असे म्हटले की अर्थ हिंगणघाटच्या जुन्या अडत्यालाही कळेल. परंतु हुंडी ही सामान्यतः तिसऱ्याला पैसे देण्याची आज्ञा असते. किंग यांना अभिप्रेत असलेला दस्तऐवज ऋणकोने स्वतः सही करून दिलेला आहे. यास्तव ‘रोखा’ हा शब्द अधिक जवळचा. भेद लहान दिसतो, पण भाषणाचा सारा नैतिक जोर त्यावर उभा आहे. येथे दानाची याचना नाही, आणि कोणी परक्याने फेडावे असेही म्हणणे नाही; ज्याची सही आहे त्यानेच फेडावे एवढी मागणी आहे. पुढे येणारा घाईचा आग्रह, हळूहळू होईल या भाषेचा निषेध, आणि हक्क मिळेपर्यंत राष्ट्राला स्वस्थता लाभणार नाही हा इशारा, हे सर्व ऋणकोशी बोलणाऱ्या धनकोचे बोलणे आहे. मात्र हा धनको द्वेषाने बोलत नाही. आपल्या लोकांस तो कटुतेचा प्याला दूर ठेवण्यास सांगतो, आणि मोर्चात आलेल्या गौरवर्णीयांचे भवितव्य आपल्या भवितव्याशी जोडलेले आहे असे मानतो. भाषणातील ऐक्याचा विचार खरोखर या ठिकाणी आहे. ऋणाची कबुली आणि मैत्री या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत, असा तो विचार आहे.

स्वप्नाचा भाग लिखित मसुद्यात नव्हता. गायिका महालिया जॅक्सन यांनी जवळून, स्वप्नाविषयी सांगा, अशी हाक दिली व किंग यांनी हातातील कागद बाजूस ठेवले, ही हकीकत सुप्रसिद्ध आहे. स्वप्नाचे हे आवर्तन त्यांनी पूर्वीही, उदाहरणार्थ जून १९६३ मध्ये डेट्रॉइट येथे, योजलेले होते. प्रवचनकाराला एखादे प्रकरण पाठ असावे आणि प्रसंग पाहून त्याने ते उचलावे, तसे हे झाले. आपल्याकडील कीर्तनकारास यात नवल वाटणार नाही. पूर्वरंगात तत्त्व आणि उत्तररंगात आख्यान, अशी कीर्तनाची घडण असते, व श्रोत्यांच्या ध्यानात राहते ते आख्यान. परंतु पूर्वरंग वगळून केलेले कीर्तन हे कीर्तन नव्हे. किंग यांच्या भाषणाची आज जी अवस्था झाली आहे ती पूर्वरंग हरवलेल्या कीर्तनासारखी आहे.

येथे तुलनेसाठी मराठीतील एक भाषण घेणे अत्यंत उचित ठरेल. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथील सत्याग्रह परिषदेत डॉ. आंबेडकरांनी केलेले अध्यक्षीय भाषण हे मराठी वक्तृत्वाच्या इतिहासात जितके अभ्यासिले जावयास हवे होते तितके अभ्यासिले गेलेले नाही. त्याची पार्श्वभूमी सर्वज्ञात आहे. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याविषयीचा बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई कायदेमंडळात झाला, महाडच्या नगरपालिकेने त्यास अनुसरून चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले, आणि प्रत्यक्षात मार्च १९२७ मध्ये तळ्याचे पाणी प्यालेल्यांवर हल्ला झाला. म्हणजे रोखा लिहून दिलेला होता. तो वटला नाही. दोन्ही भाषणे एकाच प्रकारच्या क्षणी झालेली आहेत, असे म्हणावयास हरकत नाही. न दिलेल्या हक्काची मागणी करणे ही एक गोष्ट. कागदावर दिलेला हक्क व्यवहारात मागणे ही दुसरी, व वक्तृत्वाच्या दृष्टीने अधिक अवघड. कारण प्रतिपक्ष, आम्ही तर दिले आहे, असे म्हणू शकतो.

आंबेडकरांनी ही अडचण कशी सोडविली हे पाहण्यासारखे आहे. पाण्याचा प्रश्न त्यांनी प्रारंभीच बाजूस सारला. या तळ्याचे पाणी प्याल्याने आम्ही अमर होणार नाही, आजवर ते न पिताही आम्ही जगलोच आहो. तळ्यावर जावयाचे ते आम्हीही इतरांसारखी माणसे आहो हे सिद्ध करण्यासाठी, असा त्यांचा युक्तिवाद आहे. त्यानंतर त्यांनी महाडच्या मंडपाची तुलना १७८९ साली व्हर्साय येथे भरलेल्या फ्रेंच प्रतिनिधिसभेशी केली. कोकणातील एका लहानशा गावी जमलेल्या, बहुतांशी निरक्षर अशा श्रोत्यांना वक्ता सांगतो की, तुमची ही सभा जगाच्या इतिहासातील त्या सभेच्या पंक्तीची आहे. ही अतिशयोक्ती नव्हे. श्रोत्यांची उंची वाढविण्याचे ते एक साधन आहे, आणि परिषदेने जन्मसिद्ध समान हक्कांचे जे ठराव केले त्यांची ती प्रस्तावना आहे. किंग लिंकनच्या पुतळ्यापुढे उभे राहून स्वतःच्या राष्ट्राला त्याचे वचन स्मरण करून देतात. आंबेडकरांपाशी असे वचनच नव्हते. धर्मग्रंथ विरुद्ध होते, राज्य परकीय होते. म्हणून त्यांना साक्षीला दूरचा फ्रान्स आणावा लागला, आणि त्याच दिवशी मनुस्मृतीचे दहन करावे लागले. किंग यांना मात्र आमोस व यशया या आपल्याच धर्मग्रंथांतील प्रेषितांचा आधार घेता आला. न्याय पाण्याच्या लोंढ्यासारखा वाहावा ही प्रतिमा त्यांनी तेथूनच घेतली. दोन्ही भाषणांत जे अंतर आहे ते स्वभावाचे नसून या परिस्थितीचे आहे. जाता जाता नमूद करावयाचे म्हणजे, महाडच्या त्या मंडपात एकच तसबीर होती व ती गांधीजींची होती, असे धनंजय कीर यांनी लिहिले आहे. वर्धा आणि महाड यांना दोन ध्रुव मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

एका बाबतीत मात्र महाडचे भाषण वॉशिंग्टनच्या भाषणाच्या पुढे जाते. किंग यांच्या स्वप्नात जॉर्जियाच्या लाल टेकड्यांवर गुलामांचे व मालकांचे वंशज एका मेजाशी बसतात. अलाबामात काळी व गोरी मुले हात धरून चालतात. आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे स्पर्शबंदी व रोटीबंदी तुटते. बेटीबंदीविषयी भाषण मौन बाळगते. ते मौन समजण्यासारखे आहे. आंतरवर्णीय विवाहास बंदी करणारे कायदे दक्षिणेतील राज्यांत तेव्हा अमलात होते व ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रद्द केले. आंबेडकरांनी मात्र महाडलाच सांगितले की, घराबाहेरची अस्पृश्यता गेली तरी बेटीबंदी असेतोपर्यंत ती घराच्या आत कायम राहील. वर्ध्यातील सुधारणेचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचावा. जमनालाल बजाज यांनी १९२८ साली लक्ष्मीनारायण मंदिर सर्वांस खुले केले, ही तेव्हा मोठ्या धैर्याची गोष्ट होती. ७ नोव्हेंबर १९३३ रोजी गांधीजींच्या हरिजन-दौऱ्याचा आरंभ वर्ध्याहूनच झाला. परंतु ज्या गांधीजींनी १९३६ साली मेज यांना जातीचा उपयोग सांगितला, तेच अखेरच्या वर्षांत एक पक्ष हरिजन असल्याखेरीज विवाहास आशीर्वाद देईनासे झाले. आंबेडकरांचा युक्तिवाद सेवाग्रामच्या अंगणात पोचावयास सुमारे वीस वर्षे लागली, असे म्हटल्यास कोणावर अन्याय होणार नाही.

भाषणाच्या आजच्या उपयोगासंबंधी विचार करताना एका वाक्याचा परामर्श घेणे अवश्य आहे. आपल्या चार मुलांची पारख कातडीच्या रंगावरून न होता शीलावरून व्हावी, या आशयाचे ते वाक्य आहे. हेच वाक्य पुढे विशेष सवलतींच्या विरोधकांनी हाती घेतले. रंग पाहावयाचा नाही, तर प्रवेशाच्या वेळीही पाहू नका, असा त्यांचा तर्क आहे. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने महाविद्यालयीन प्रवेशांत वर्णाचा विचार करण्याची पद्धती घटनाबाह्य ठरविली, तेव्हाही हा वाद पुन्हा उसळला. आपल्याकडे राखीव जागांच्या चर्चेत गुणवत्ता हा शब्द ज्या रीतीने वापरण्यात येतो ती रीत याहून वेगळी नाही. परंतु किंग यांचे मत काय होते याचा पुरावा त्यांनीच ठेवला आहे, आणि तो भारतासंबंधी आहे. १९५९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ते भारतात आले असता पंडित नेहरूंशी त्यांचे बोलणे झाले. दोन समान उमेदवारांपैकी अस्पृश्य उमेदवारास प्राधान्य देणे हा भेदभाव नव्हे काय, असे त्यांचे सहप्रवासी लॉरेन्स रेडिक यांनी विचारले. असेलही, पण शतकानुशतके केलेल्या अन्यायाचे प्रायश्चित्त आम्ही या मार्गाने घेत आहो, अशा अर्थाचे उत्तर नेहरूंनी दिले. हा प्रसंग किंग यांनी १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात संमतीने नमूद केला आहे व अमेरिकेनेही असेच काही करावे असे सुचविले आहे. वॉशिंग्टनचे भाषण आणि हा ग्रंथ यांत जेमतेम वर्षाचे अंतर आहे. यास्तव शीलाविषयीचे ते वाक्य रोख्याच्या रूपकापासून तोडून वाचणे हे ग्रंथकाराच्या अभिप्रायाविरुद्ध आहे. नेहरूंनी ज्या तरतुदींचा दाखला दिला त्या घटनेत आणणाऱ्या मसुदासमितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते, हेही येथे सांगावयास हवे. किंग यांच्या लेखनातून याचे श्रेय प्रामुख्याने गांधीजी व नेहरू यांच्याकडे जाते.

स्वप्न बोलून दाखविल्यानंतर अठराव्या दिवशी, १५ सप्टेंबर १९६३ रोजी, बर्मिंगहॅम येथील चर्चमध्ये बॉम्बस्फोट होऊन चार मुली मृत्युमुखी पडल्या. १९६४ व १९६५ साली नागरी हक्कांचे व मताधिकाराचे कायदे झाले. तरीही १९६७ च्या नाताळातील प्रवचनात, आपले स्वप्न दुःस्वप्न झाल्याचे आपण पाहिले, असे किंग यांनीच कबूल केले. मताधिकाराच्या कायद्याचा एक महत्त्वाचा भाग २०१३ साली न्यायालयीन निर्णयाने निष्प्रभ झाला. आपल्या विदर्भातील खैरलांजीची २००६ सालची घटना विसरून या भाषणाचे वाचन करणारा मनुष्य त्याचा अपमान करतो, असे मला वाटते. जातीचा प्रश्न समुद्रापलीकडेही गेला आहे; फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल नगरपरिषदेने भेदभावविरोधी नियमांत जातीचा अंतर्भाव केला, तेव्हा तेथील भारतीय कुटुंबांतच दोन पक्ष पडले, व ऐक्य बिघडते अशी तक्रार करणारा पक्ष किंग यांचाच हवाला देऊ शकला. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केले. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांपुढील अर्जाची चौकशी केली. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने नावच तिकडून घेतले. महाराष्ट्राची ही एक परंपरा आहे, आणि सेवाग्राममार्गे जाणारी परंपरा ही दुसरी. यांतील एकच धरून दुसरी सोडणाऱ्यास किंग यांचे भाषण निम्मेच कळेल.

१९५९ सालची आणखी एक हकीकत किंग यांनी ४ जुलै १९६५ रोजीच्या प्रवचनात सांगितली. त्रिवेंद्रम येथील एका शाळेत मुख्याध्यापकांनी मुलांना त्यांची ओळख अमेरिकेहून आलेले एक अस्पृश्य बंधू अशी करून दिली. प्रथम ते दचकले, किंचित रागावलेही. मग देशातील आपल्या लक्षावधी बांधवांची स्थिती मनात आणून, होय, मी अस्पृश्यच आहे, असे स्वतःशी म्हणाले. मेज यांनीही म्हैसूरकडील एका शाळेतला अगदी याच प्रकारचा अनुभव लिहून ठेवला आहे. गुरुशिष्यांच्या या दोन कथांतील साम्य अभ्यासकास विचार करावयास लावणारे आहे. प्रवचनकाराच्या मुखात गुरूची कथा व स्वतःची कथा एकमेकींत मिसळतात, हे आपल्याही संतचरित्रांत दिसते. परंतु कथा कोणाचीही असो, तिच्यातील दचकणे महत्त्वाचे आहे. भाषणातील बंधुभाव या दचकण्यावाचून आलेला नाही.

पदव्युत्तर वर्गांत हे भाषण शिकविताना संपूर्ण संहिता घ्यावी व तिच्या शेजारी महाडच्या भाषणाची संहिता ठेवावी, अशी सूचना करावीशी वाटते. विद्यार्थ्यांनी दोहोंतील श्रोत्यांचे संबोधन, सर्वनामांचा वापर आणि कागदावरील हक्काचा उल्लेख, एवढ्या तीन गोष्टी तपासल्या तरी एका लहान प्रबंधाची सामग्री मिळेल. ‘आम्ही’ या शब्दाचा अर्थ महाडच्या भाषणात कोठे अस्पृश्यांपुरता राहतो व कोठे सर्व हिंदू समाजाला कवटाळतो हे मराठीतच पाहता येते. इंग्रजी भाषांतरात तो भेद बुजतो. तसेच २८ ऑगस्ट १९६३ च्या त्या सभेचा संपूर्ण कार्यक्रमही विद्यार्थ्यांपुढे ठेवावा. त्यात किंग यांचे भाषण शेवटचे नाही. त्यांच्यानंतर बेयार्ड रस्टिन यांनी मोर्चाच्या मागण्या एकेक करून वाचून दाखविल्या व जमावाकडून त्यांस संमती घेतली. फिलिप रँडॉल्फ यांनी लोकांकडून प्रतिज्ञा म्हणवून घेतली. आणि मग समारोपाची प्रार्थना करण्यास जे वृद्ध गृहस्थ उभे राहिले ते बेंजामिन मेज होते, सत्तावीस वर्षांपूर्वी वर्ध्यास येऊन जातीविषयी प्रश्न विचारून गेलेले.